पार्ल्याच्या काकांची निळी मोटरसायकल

माझी बायको माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. लग्नात फोटोग्राफरने मला जमेल तिथे एक पायरी वर उभं केलं आणि निभावून नेलं. नंतर कधी त्याचा त्रास झाला नाही. तिला पवईत एका लॅबमध्ये नोकरी लागली आणि आम्ही मोटरसायकल घ्यायची ठरवली, तेव्हा मात्र झाला.

आम्ही राहतो मरोळच्या गावठाणात, माझं ऑफिसही पवईतच. अंतर काही फार नाही. पण सकाळच्या वेळी पवई म्हटलं की रिक्षावाले मान हलवून पुढे जातात आणि बस आमच्या स्टॉपवर थांबली तर थांबते. दोघांच्या वेळा जुळत होत्या. एक गाडी घेतली की प्रश्न मिटला, असं मला वाटलं होतं.

स्कूटरला बायकोने पहिल्याच दिवशी नाही म्हटलं. कॉलेजात असताना वसईला ती मैत्रिणीच्या स्कूटरवरून खड्ड्यात पडली होती. "लहान चाकाच्या गाडीवर मी बसणार नाही, सांगून ठेवते." म्हणजे मोटरसायकल. नवीन मोटरसायकली बघायला गेलो, तर त्यांच्या मागच्या सीटा टेकडीसारख्या वर चढलेल्या. ती मागे बसली की तिची हनुवटी माझ्या हेल्मेटच्या वर यायची आणि गुडघे माझ्या कोपरांना लागायचे. शोरूममधला माणूस हसू दाबत उभा होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मला लांब, सपाट सीट पाहिजे. पूर्वीच्या गाड्यांना असायची तशी." म्हणजे सेकंडहँड.

मग सल्ले सुरू झाले. ऑफिसातला माझ्या शेजारी बसणारा म्हणाला, दीडशे सीसीच्या खाली बघूच नकोस, डबलसीट चढावर इंजिन रडेल. बहिणीचा नवरा म्हणाला, शंभर सीसी घे, ॲव्हरेज बघ, तुला काय रेस लावायचीय? रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांचं म्हणणं, गाडी कोणतीही घे, पण एकाच मालकाच्या हातची घे. बायकोने रात्री व्हिडिओ बघायला सुरुवात केली. मी घाटकोपरला जाऊन रांगेने लावलेल्या जुन्या गाड्या बघून आलो. प्रत्येक विक्रेत्याने प्रत्येक गाडी डॉक्टरने चालवलेली आहे म्हणून सांगितलं. मुंबईत इतके डॉक्टर मोटरसायकल चालवतात हे मला ठाऊक नव्हतं. कुठली चांगली, कुठली रंगवून ठेवलेली, मला काही म्हणजे काही समजेना. मी लाथ मारून टायर बघायचो, कारण बाकीचे लोक तसं करताना दिसायचे.

चर्चमधल्या त्या गृहस्थांनीच शेवटी विलेपार्ल्याचा पत्ता दिला. निवृत्त जोडपं, एकाच हातची गाडी, काकू विकतायत.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खांबाच्या आड कव्हर घातलेली गाडी उभी होती. काकूंनी कव्हर काढलं. निळी, जुनी, पण टाकीवर हात फिरवला तर धुळीचा कण नाही. सीट लांब, सपाट, अगदी बाकासारखी. साडीगार्डसुद्धा जागच्या जागी. मला वाटलं, झालं काम.

"ह्यांचा हात थरथरतो आता," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी चालवायला बंदी केलीय. गाडी समोर दिसली की ह्यांना राहवत नाही. म्हणून विकायची. तू बघ नीट, चक्कर मार."

तेवढ्यात काका जिन्यावरून खाली आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, उजवा हात खिशात घातलेला. त्यांनी मला एकदा वरून खाली पाहिलं. "कोणाला घेऊन फिरणार?"

"बायकोला. दोघं पवईला कामाला जातो."

"मग मागे माणूस बसवून बघायला पाहिजे. चल, मी बसतो."

काकू काहीतरी बोलणार होत्या, पण काका तोवर बसलेसुद्धा. मी गाडी चालू केली आणि पार्ल्याच्या त्या झाडांच्या गल्ल्यांमधून निघालो. मागून काका सांगत होते: इथे दुसऱ्यावर टाक, इथे क्लच अर्धाच दाब, ब्रेक मागचा आधी. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो थरथरतोय हे मला शर्टातून कळत होतं. गाडी मात्र मऊ चालत होती. मार्केटच्या अलीकडे एका शांत गल्लीत त्यांनी मला थांबायला सांगितलं. उतरले, समोर येऊन उभे राहिले.

"घेऊ नकोस ही गाडी."

"का हो काका?"

"चेसिस वाकलीय. मी पडलोय हिच्यावरून. फ्लायओव्हरखाली. गाडी डावीकडे ओढते. एकट्याला कळत नाही, मागे बाईमाणूस बसलं की धोका. घरी हिला ठाऊक नाही मी पडलो ते. सांगू नकोस."

मी बरं म्हटलं. परत येताना मी लक्ष देऊन बघत होतो. कधी वाटे, ओढतेय. कधी वाटे, रस्त्यालाच उतार आहे.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग मेकॅनिकला दाखव ना. त्यात काय एवढं?"

दुसऱ्या शनिवारी काकूंना विचारून मी गाडी एका दिवसापुरती घेऊन आलो. मरोळ नाक्यावरच्या मेकॅनिकने गाडी मधल्या स्टँडवर लावली, पुढचं चाक हातात धरून हलवलं, म्हणाला, झकास गाडी आहे, डोळे मिटून घे. मला बरं वाटलं. पण खात्री करावी म्हणून अंधेरीत दुसऱ्याकडे नेली. त्याने दोन्ही चाकांना लागून दोरी ताणली, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, फरक आहे. किती? "आहे थोडा." थोडा म्हणजे चालेल की नाही चालेल? त्याने खांदे उडवले. "चालवणाऱ्यावर आहे."

मग आम्ही दोघं बसून साकीनाक्यापर्यंत जाऊन आलो. तिचे गुडघे कुठे लागत नव्हते, हनुवटी जागेवर होती. ती खूष. मी विचारलं, "डावीकडे जातेय का गं?"

"मला काय माहीत? तूच वाकडा बसलायस."

मी सरळ बसलो. मग वाटलं, उजवीकडे जातेय. वाट लागली होती डोक्याची.

रात्री जेवताना मी म्हटलं, "काका खोटं कशाला सांगतील? आपलं नुकसान होऊ नये म्हणूनच सांगितलं ना?"

"नाहीतर गाडी जाऊ नये म्हणून सांगितलं असेल," ती म्हणाली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आल्यावर आणखी गोंधळ. काका पडले नसतील, तर गाडी चांगली आहे. काका पडले असतील, तर गाडी वाईट आहे आणि वर थरथरत्या हाताचा एक माणूस पडल्याची गोष्ट बायकोपासून लपवतोय. बरं, मी गाडी नको म्हटलं तर काकूंना कारण काय देणार? बायको म्हणाली, "माझे पाय पुरत नाहीत म्हण."

"तुझे? तुझे पाय पुरत नाहीत असं सांगू? आणि त्यांनी तुला बघितलं म्हणजे?"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

रविवारी आम्ही दोघं गाडी परत द्यायला पार्ल्याला गेलो. काकूंनी वर बोलावलं. काका आतल्या खोलीत होते, रेडिओ बारीक आवाजात चालू होता. मी चहा हातात घेऊन बराच वेळ गाडीचं कौतुक केलं आणि शेवटी म्हटलं की आम्ही जरा विचार करून कळवतो.

काकूंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "तू चौथा. पहिल्याला ह्यांनी सांगितलं, इंजिन ऑइल पितं. दुसऱ्याला सांगितलं, गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. तिसऱ्याला काय सांगितलं देव जाणे, तो तर चहासुद्धा न घेता गेला. तुला काय सांगितलं?"

म्हणजे बायकोचंच खरं होतं, काका गाडी वाचवत होते. मग पडल्याचंही खोटंच. मग सांगून टाकायला हरकत काय? पण खरं असेल तर? मी शब्द दिला होता. आणि खरं असेल, तर काकूंना कळायला नको का? आम्ही परत दिलेली चावी काकूंनी आत्ताच दारामागे खिळ्याला लटकवली होती, काका कधीही खाली जाऊ शकतात. मी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत होती. ह्यात मी पडणार नाही, असा तिचा चेहरा.

"काकू," मी म्हटलं, "ते तुम्ही काकांनाच विचारा."

रेडिओ बंद झाला. काका दारात येऊन उभे राहिले. आज त्यांचा हात खिशात नव्हता.

"मी पडलो होतो," ते म्हणाले.

"कधी?" काकूंनी विचारलं.

"दिवाळीच्या आधी."

"म्हणजे बाथरूममध्ये घसरलो म्हणालात, ते?"

काकांनी मान डोलावली. मला वाटलं, आता मोठा आवाज होणार, आणि आमच्यासमोर होणार. मी कप ठेवून उठायला लागलो. पण काकू शांतपणे आत स्वयंपाकघरात गेल्या. बायको त्यांच्यामागे गेली. बाहेर मी आणि काका. काका खुर्चीत बसले. माझ्यावर रागावलेत की कसं, काही पत्ता लागत नव्हता.

"चेसिसचं खरं होतं का काका?" मी विचारलं.

"मला तसं वाटतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पडल्यापासून मलाच सगळं डावीकडे जातंय असं वाटतं."

काकू बाहेर आल्या. डोळे पुसलेले दिसत होते. दारामागची चावी त्यांनी काढली आणि माझ्या बायकोच्या हातात दिली. माझ्या नाही, तिच्या.

"न्या गाडी."

"अगं, पण वाकलीय ती," काका म्हणाले.

"तुम्ही वाकलायत. गाडीला काही झालेलं नाही."

काका हसले. खरंच हसले, आवाज करून. मग त्यांनी मला जवळ बोलावून पंधरा मिनिटं चोक कधी ओढायचा आणि चेनला तेल कधी घालायचं ते सांगितलं. त्यांनी परवानगी दिली असं मी समजलो. तसं स्पष्ट ते कधीच म्हणाले नाहीत.

किंमत आम्हाला झेपणारी होती, कागदपत्रांची कामं त्या आठवड्यात उरकली. गाडी न्यायला गेलो त्या दिवशी काका खाली आले नाहीत. काकू आल्या. मी म्हटलं, काका कसे आहेत? "पेपर वाचतायत," त्या म्हणाल्या. "तीच पानं उलटीसुलटी."

मरोळच्या वाटेवर विमानतळाच्या बाजूला ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना बायकोने मला स्वयंपाकघरातलं सांगितलं. मला राहून राहून वाटत होतं ते मी तिला बोलून दाखवलं होतं, की मी त्या बाईला किती मोठा धक्का दिला.

"कसला धक्का?" ती म्हणाली. "त्यांना ठाऊक होतं."

"काय?"

"काका पडले ते. त्याच दिवशी बिल्डिंगच्या वॉचमनने सांगितलं होतं. फुटलेला इंडिकेटर काकूंनीच बदलून घेतला. म्हणून तर गाडी विकायला काढली."

मी मान वळवून तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. "मग विचारलं का नाही त्यांना? इतके महिने?"

"स्वतः सांगतील म्हणून वाट बघत होत्या."

"आणि आपल्याला का विचारलं?"

"कोणाला तरी खरं सांगितलंय का ते बघायला."

"आणि मी सांगितलं असतं तर?"

"मग त्यांना वाईट वाटलं असतं. परक्याला सांगितलं, मला नाही, असं."

"पण मला सांगितलंच होतं की! आता ते त्यांना कळलंच की!"

"हो," बायको म्हणाली. "म्हणून तर रडल्या ना."

मला काही समजेना. मग मी न सांगून चांगलं केलं की वाईट? विचारा म्हणालो ते बरोबर की चूक? आणि डोळे पुसून लगेच चावी का दिली? मी तिला हे सगळं विचारलं. ती म्हणाली, पुढे बघ.

सोमवारी सकाळी आम्ही पहिल्यांदा त्या गाडीवरून कामाला निघालो. गावठाणातल्या दोन म्हाताऱ्या दारात उभ्या राहून बघत होत्या. पुढे मी, मागे माझ्यापेक्षा उंच माझी बायको, मांडीवर डब्याची पिशवी. त्यातली एक दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. साकीनाक्याच्या सिग्नलला नेहमीसारखी गर्दी. मी हँडल घट्ट धरून बसलो होतो आणि काकू त्या दिवशी स्वयंपाकघरात नेमक्या कशासाठी रडल्या असतील ह्याचा विचार करत होतो. पडल्याबद्दल, लपवल्याबद्दल, की गाडी जाणार म्हणून? मागून हॉर्न वाजायला लागले. एका रिक्षावाल्याने बाहेर डोकं काढून मला काहीतरी सुनावलं.

"अरे, सुटला ना सिग्नल," बायको ओरडली. "चल की!"

मी पहिला गिअर टाकला, आणि गाडी बंद पडली.