हळदीची पट्टी

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले मदतनीस रोज नागरवाड्यातून सायकलने येतात. हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या त्यांच्या खिशात कायम असतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी गुजराती वळणाचं "बराबर ने, बेन?" असतं.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर लिहिलं, की कुठल्याही क्षाराचं, म्हणजे सॉल्टचं, द्रावण उदासीन असतं, ना आम्ल ना अल्क. धुण्याचा सोडाही क्षारच. मदतनिसांनी सोड्याच्या पाण्यात पट्टी बुडवली. पिवळीच राहायला हवी होती, ती लालभडक झाली. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला.

"बेननी मुद्दाम चुकीचं लिहिलंय," ते मुलांना म्हणाले. "कोण पकडतं ते बघायला. बराबर ने, बेन?"

मी होकारार्थी मान हलवली.

आता दरवर्षी मी ते वाक्य खरोखरच मुद्दाम लिहिते. ते दाराशी उभे असतात, हात खिशात घालून.