झेन्झीच्या लग्नाची परवानगी

ओबरहाल्डनच्या पंचांनी पहिल्यांदा नकार दिला तेव्हा झेन्झी हसली होती. तिला वाटलं, थट्टा चाललीय.

क्रेसेंझ हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव, पण गावात सगळे तिला झेन्झीच म्हणत. गावप्रमुख बार्थोलोमे एपलेच्या शेतावर ती मोलकरीण होती. धारा काढणं, गोठा साफ करणं, कापणी, सगळं तिच्याच अंगावर. तिचा माग्नुस विणकर. अळशीच्या खोडापासून काढलेला धागा कोरडा झाला की तुटतो, म्हणून आमच्याकडचे विणकर ओल्या तळघरात माग टाकून बसायचे आणि ऐन तिशीत खोकू लागायचे. माग्नुसनंही तसाच माग टाकला होता. दोघांचं मन जुळलं, तेव्हा लग्न करायचं म्हणून ते रीतसर पंचांपुढे उभे राहिले. बव्हेरियात तेव्हा गरिबाला लग्नासाठी गावाची परवानगी लागे. उद्या यांना पोरं झाली आणि पोसता आली नाहीत, तर ती गावाच्या गळ्यात पडतील, ही भीती.

पंच खानावळीत बिअरचे पेले घेऊन बसले होते.

"घर आहे का रे तुझं?" एपलेनं विचारलं.

"भाड्याचं आहे, मालक. पण माग माझा स्वतःचा आहे."

"माग दूध देतो का?"

सगळे खो खो हसले. झेन्झीही हसली. मग एपलेनं पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "आधी गाय बांध दारात. मग बायकोचं बघू."

माग्नुसनं ते मनावर घेतलं. सकाळी ओटाची पेज, संध्याकाळी बटाटे, एवढ्यावर तो मागावर बसून राहिला. गाय दारात बांधायला त्याला कितीतरी हिवाळे लागले. तोवर इंग्लंडातलं यंत्रावरचं सुती कापड आमच्या बाजारात येऊन पडलं होतं, आणि अळशीच्या कापडाकडे कुणी ढुंकून बघेना.

"गाय घेतली, मालक," माग्नुस पुन्हा पंचांपुढे जाऊन म्हणाला.

"गाय दिसली रे. पण धंदा कुठाय? तुझं कापड घेतंय कोण?"

झेन्झी मागे उभी होती. तिला राहवलं नाही. "मालक, तुमच्या घरात नऊ पोरं आहेत. ती जन्माला घालताना तुम्ही कुणाला विचारलंत?"

"माझ्याकडे जमीन आहे."

"मग काय, पोरं जमिनीतून उगवली?"

या वेळी कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी झेन्झीचं काम गेलं. ती पोटुशी होती हे एपलेच्या बायकोला आधीच कळलं होतं, त्यामुळे निमित्तही तयार होतं.

मुलगी झाली. वाल्बुर्गा. पाद्र्यानं घाईघाईत बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडलं आणि वहीत बापाच्या नावाची जागा मोकळी सोडली. झेन्झी रोजानं दुसऱ्यांच्या शेतात जाऊ लागली. मागे घरी एक म्हातारी लेकराला पिठाची लापशी भरवी आणि रडलं की साखरेच्या पाण्यात बुडवलेली चिंधी चोखायला देई. आमच्याकडे सगळेच असं करत. उन्हाळ्यात वाल्बुर्गाला हगवण लागली आणि कापणी संपायच्या आत ती गेली. दफनानंतर एपलेची बायको खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "देवानं सोडवलं गं, तिलाही आणि तुलाही." झेन्झीनं तो हात झटकला. त्या रात्री नाही, त्या महिन्यातही नाही, पण हिवाळा लागण्याआधी तिनं माग्नुसला सांगितलं, "गाय विक. आपण आउग्सबुर्गला जाऊ. या गावाचं मला आता तोंड बघायचं नाही."

आउग्सबुर्ग शहरात कालव्याकाठच्या कापडगिरणीनं त्यांना लगेच ठेवून घेतलं. तिथे गाय कुणी विचारली नाही. रोज पोटभर पाव मिळे, चिकोरीची का होईना कॉफी मिळे, रविवारी कोबीत मांसाचा तुकडा पडे. आफ्रा आणि गेनोवेफा या दोन मुली तिथेच झाल्या आणि जगल्या. पण लग्नाचं घोडं तिथेही अडलं.

"तुम्ही आमच्या शहराचे नाही," कचेरीतला कारकून म्हणाला. "तुमच्या गावाची परवानगी आणा."

माग्नुस एवढ्या लांब गावी गेला. पंच म्हणाले, "शहरात कमावता ना? मग शहरालाच विचारा." तो परत आला. कारकून तेच म्हणाला. पुन्हा गाव, पुन्हा कचेरी. एकदा खोलीवर पोलीस आला. बिनलग्नाचे एकत्र राहतात, अशी कुणीतरी चुगली केली होती. माग्नुसला पलीकडच्या गल्लीत अनोळखी माणसांच्या खोलीत एक खाट भाड्यानं घ्यावी लागली. दिवसभर दोघं एकाच गिरणीत, शेजारशेजारच्या यंत्रांवर. संध्याकाळी जेवण झालं की तो टोपी उचलून निघे.

"पुढच्या वर्षी बघू," तो म्हणायचा.

"बघू म्हणू नकोस," झेन्झी खेकसायची. "बघून बघून माझे डोळे गेले. ते नकार देतात आणि तू टोपी काढून आभार मानून येतोस!"

"मग काय करू, मारू त्यांना?"

ती त्याची टोपी त्याच्या हातात कोंबायची. पंचांपेक्षा तिला त्याचाच राग जास्त यायचा.

शेवटी राजधानीत, म्युनिकमध्ये, कायदा बदलला आणि गावाचा अडसर निघाला. तोवर माग्नुसची छाती गेली होती. जिना चढताना तो मध्येच बसे. लग्न शहरातही झालं असतं, पण झेन्झी अडून बसली. "गावच्या चर्चमध्येच. त्यांच्या डोळ्यांदेखत."

पाद्री नवा होता, वयानं तिच्यापेक्षा लहान. फुलांचा मुकुट तिनं शहरातून आणला होता. त्याकडे बघून तो ओशाळत म्हणाला, "बाई, हा कुमारिकांचा मान. तुम्हाला दोन मुली आहेत."

"या मुली का झाल्या, ते या गावाला विचारा, फादर."

तरी मुकुट बाकावरच राहिला. ती बोडक्या डोक्यानंच वेदीपुढे उभी राहिली.

बाहेर एपले काठी टेकत वाट बघत होता. म्हातारा झाला होता. आफ्रा आणि गेनोवेफाकडे त्यानं बैलबाजारात बघावं तसं बघितलं. "झेन्झी, पोरी धडधाकट आहेत तुझ्या. कापणीला पाठव ना. गावात कामाला माणूसच उरलं नाही. सगळे गिरणीत पळाले."

या क्षणासाठी झेन्झीनं वर्षानुवर्षं शिव्या जपून ठेवल्या होत्या. त्यातली एकही तोंडाशी येईना. आफ्राच म्हणाली, "आमच्याकडे घंटा झाली की काम थांबतं, आजोबा. तुमच्याकडे थांबतं का?"

माग्नुस पायरीवर बसून खोकत होता. "चल, झेन्झी," तो म्हणाला. "मला घरी पडायचंय."

आता त्याला खाट बदलायची गरज नव्हती. पण तो हिवाळा त्यानं पुरा पाहिला नाही.

झेन्झी गिरणीत जात राहिली. पुढे एकदा शेजारच्या यंत्रावरची एक तरुण पोरगी लग्न ठरल्याचं सांगत होती. तक्रार एवढीच, की चर्चमध्ये तीन रविवार नावं वाचून दाखवतात, मगच लग्न लागतं. "तीन रविवार, मावशी! कसे काढायचे हो एवढे दिवस?"

झेन्झीनं हातातली रिळं टोपलीत आपटली.