दाराशी बसणारे पन्नाशेठ

जिममधल्या बाकी पुरुषांना मी पायांवरून ओळखायची. पन्नाशेठना ओळखलं ते त्यांच्या पळण्यावरून.

पुरुषांची कपडे बदलायची खोली पुसायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की मान वर करायची नाही. फरशी, बादली, पोछा आणि फरशीवरचे पाय, एवढंच बघायचं. फुटलेल्या टाचा येडगावच्या बागायतदाराच्या, नखं नीट कापलेले गोरे पाय बँकेतल्या साहेबांचे, अंगठ्यावर काळे पडलेले पाय टेम्पोवाल्याचे. मी आत असतानाच हे सगळे कपडे काढायचे, घालायचे, टॉवेल झटकायचे आणि वर म्हणायचे, "मावशी, जरा सरका." मी चोवीस वर्षांची होते. पण हातात पोछा आला की बाईची मावशी होते, आणि मावशीपुढं लाज धरायची नसते, असं तिथं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. मीही.

एके सकाळी दारातून नवे पाय आले. पांढरा पायजमा, त्याखाली कोरे करकरीत बूट. ते दोन पावलं आले आणि थबकले. मग "अरे देवा, आत बाई हाय!" असा आवाज झाला आणि बूट उलटे फिरून धावत सुटले. हॉलमध्ये हसण्याचा फवारा उडाला. शेठ सदऱ्याची बटणं काढत आत आले होते, ते तसेच उघड्या पोटानं सगळ्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले होते. दाराआडून त्यांचा आवाज आला, "चुकलं हां, लेकी. चुकलं माझं. मी खाकरायला पायजे व्हतं."

त्या खोलीत माझी माफी मागणारा तो पहिला माणूस. मला बरं वाटायला हवं होतं. पण माझं तोंड असं तापलं की मी बादलीत हात बुडवून गालाला लावला. इतके दिवस ते पाय येत होते, जात होते, आणि मी ते चालवून घेत होते, हे त्यांच्या त्या एका पळण्यानं मला दिसलं.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि आम्ही नारायणगावला आलो. आमचे हे टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलतात. खताच्या दुकानावरच्या जिममध्ये मला काम लागलं. मी तिथं झाडते-पुसते एवढं यांना माहीत होतं. पुरुषांची खोली पुसते, हे मी सांगितलं नव्हतं. गावाकडं सासूबाई तर सांगायच्या, सून हापिसात असते. मी ते खोडलं नाही.

पन्नाशेठांचं पेठेत कापडाचं दुकान. घराणं राजस्थानातलं, पण ते म्हणायचे, "आजोबा मारवाडीत भांडायचे, बाप दोन्हीत भांडायचा, मला आता मराठीशिवाय शिवी देता येत न्हाई." ठेंगणे, गोल, हसले की आधी पोट हलायचं आणि मग आवाज यायचा. छातीत एकदा दुखून गेलं होतं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि हायवेवर चालायची भीती वाटते म्हणून ते जिममध्ये आले होते. ट्रेडमिल बंद कशी करतात ते त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. चालतं मशीन तसंच ठेवून ते बाजूला उडी मारायचे आणि ओरडायचे, "विकी, तुझा घोडा धर रं!"

विकीसर म्हणजे जिमचे मालक. त्या दिवशी शेठ तडक त्यांच्या टेबलापाशी गेले. मी दाराशी पोछा पिळत होते, सगळं ऐकू येत होतं.

"बाईमाणसाला पुरुषांच्या खोलीत पाठवतो? लाज हाय का न्हाई?"

"शेठ, सकाळी फरशी ओली होते, पोरं घसरतात. पुसायलाच लागतं."

"मग पोरगा ठेव."

"दोन माणसं परवडत नाहीत मला. तुम्ही म्हणता तर हिला बंद करतो आणि पोरगाच ठेवतो. बायकांच्या बॅचला फारसं कोणी येत नाही, त्यांच्या खोलीचं बघता येईल."

"हां. तसं कर," शेठ म्हणाले, आणि मोठं काम केल्यासारखे पायऱ्या उतरून गेले.

त्या भल्या माणसानं माझी अब्रू राखता राखता माझं काम घालवलं होतं. दुपारी मी त्यांच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. आत बस्ता चालला होता. तळेघरकडचे लोक होते, पहाटे निघून चालत चालत एसटी गाठलेले. साड्यांचा ढीग, पोराटोरांचा गलका. आत जायचा मला धीर होईना.

तेवढ्यात एक गोष्ट दिसली. दुकानाच्या एका कोपऱ्यात जुना पडदा लावलेला होता. एक बाई रडतं पोर घेऊन पडद्याआड गेली आणि शेठ गादीवरून उठले. स्टूल ओढून पडद्यासमोर बसले, पडद्याकडं पाठ करून. दुकानातला नोकर मागचा गठ्ठा काढायला निघाला, तर त्याला हातानंच थांबवलं. "लेकरू पितंय. गठ्ठा कुठं पळून चालला न्हाई." बाई बाहेर येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. दर आठवड्याला बस्ते, दर बस्त्याला लेकुरवाळ्या. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "पडद्याचं कापड कितीबी जाड घे, वाऱ्यानं उडतंच. समोर माणूस बसावं लागतंय."

त्यांनी मला पाहिलं आणि बाहेर आले. मी म्हटलं, "शेठ, तुमच्यामुळं माझं काम गेलं." त्यांचा चेहरा पडला. पोट हललं नाही. ते माझ्या चपलांकडं बघत राहिले. "मी असला गाढव," ते म्हणाले, "मी कापड बघितलं, आतलं माणूस बघितलंच न्हाई. जा तू घरी. सकाळी ये."

सकाळी ते माझ्याआधी हजर होते. विकीसरांना म्हणाले, "पोरगा ठेवू नको. ही पुसंल तवर दारात मी बसतो."

"शेठ, तुम्ही? लोक काय म्हणतील?"

"तुझ्या बापाच्या लग्नाचा बस्ता माझ्या दुकानात बांधलाय. तवा तो काय म्हणत व्हता ते सांगू का सगळ्यांना?"

विकीसरांनी हात जोडले. त्या दिवसापासून मी बादली उचलली की शेठ ट्रेडमिलवरून उडी मारायचे, लाल प्लास्टिकचं स्टूल ओढायचे आणि दाराकडं पाठ करून बसायचे. आधी खाकरायचे, मग आत कोण आहे त्याला बाहेर काढायचे, मग मला म्हणायचे, "जा लेकी, रान मोकळं हाय."

टिंगल लई झाली. "शेठ, दुकान इथंच टाकलं का?" कोणी विचारलं की ते म्हणायचे, "व्हय. लाज सेलमध्ये हाय, घेऊन जा. तुझ्या मापाची बी हाय." येडगावचा एक दांडगा पोरगा होता, दंडावर वाघाचं तोंड गोंदलेला. एकदा तो घाईत होता.

"शेठ, सरका राव. दोन मिनटाचं काम. आत मावशीच तर हाय."

"तुझी सख्खी मावशी आत असती तर काढले असते का कपडे?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला आणि वजनं उचलायला परत गेला. दुसऱ्या दिवशी तो मला ताई म्हणाला.

एकदा मी न राहवून म्हटलं, "शेठ, तुमचं चालणं राहतं."

"दुकानात बसून बसून रोग लागला म्हणून इथं आलो. इथंबी बसायचंच नशीब!" आणि पोट हलवून हसले. मग जरा थांबून म्हणाले, "पर खरं सांगू का? मी काय जन्माला पुरणार न्हाई. तू हाक देत जा. 'आत बाई हाय, थांबा.' बास, एवढंच. माझ्यापरास तुझा आवाज लांब जाईल."

तेवढं मला जमेना. आवाज लांब जातो हीच तर भीती. हॉलमध्ये जाईल, जिन्यातून खाली जाईल, खताच्या दुकानात उभा असलेला कोणी क्रेटवाला ऐकेल, यांना सांगेल. आत बाई आहे असं ओरडणं म्हणजे मी पुरुषांच्या खोलीत आहे हे आपल्याच तोंडानं गावभर करणं. शेठ अधूनमधून आठवण करून द्यायचे, "आलं का नरड्यात?" मी मान हलवायची. ते स्टूल ओढायचे. आणि मशीन तिकडं रिकामंच फिरत राहायचं. मला ते दिसत होतं. दिसत असून मी बादली उचलत राहिले.

थंडीत एका दुपारी शेठ दुकानातच वारले. गादीवर, साडीची घडी उलगडून दाखवता दाखवता.

आम्ही दोघं त्यांच्या घरी भेटायला गेलो. यांनीही लग्नकार्याला त्यांच्याकडूनच कापड घेतलं होतं. बाहेरच्या खोलीत पुरुष, आत बायका, मधे उघडं दार. हे दाराजवळच बसले होते. मी आत काकींच्या, शेठांच्या बायकोच्या, समोर जागा मिळाली तिथं टेकले. काकी कोणाला तरी सांगत होत्या, रडून आवाज बसलेला होता.

"रोज सकाळी जिमला म्हणून जायचे. एक दिवस चुकवला न्हाई. पर डॉक्टर म्हणायचे, शेठ चालत न्हाईत, वजन हाय तेवढंच हाय. मी भांडायची. म्हटलं, जिलब्या खात बसता कुठं तरी, माझ्याशी खोटं बोलता. मरायच्या आदल्या दिवशीबी तेच बोलले मी. खोटारडे म्हटलं."

बायका म्हणाल्या, असू द्या, होतं तसं. काकी मान हलवत राहिल्या. "खोटं तर बोलत व्हतेच ना. कुठं जायचे ते आता कोण सांगणार?"

सांगणारी मी होते. पण त्यासाठी मी कुठली खोली पुसते ते सांगावं लागणार होतं, आणि ते मी आजवर कधी उच्चारलं नव्हतं. दाराजवळ यांची पाठ दिसत होती. मी गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं; फक्त काकी जन्मभर शेठांना खोटारडे समजल्या असत्या.

"काकी, ते जिममध्येच यायचे," मी म्हटलं. "मी तिथं पुरुषांची कपडे बदलायची खोली पुसते. मी आत असले की पुरुष आत येऊ नयेत म्हणून ते दारात बसायचे. त्यांचं चालणं माझ्यामुळं राहिलं."

आतल्या बायकांच्या माना माझ्याकडं वळल्या. बाहेरच्या पुरुषांच्याही. यांची पाठ ताठ झालेली मला दिसली.

काकी माझ्याकडं बघत राहिल्या. "बसायचे? कशावर?"

"स्टुलावर."

"पाठ करून?"

"हो. दाराकडं पाठ करून."

त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि तसंच रडण्यात मोडलं. "दुकानात बी तसंच बसायचे." मग त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता म्हणतील की तुझ्यामुळं गेला माझा माणूस. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मला सांगायचं की गं कोणी तरी. मी येऊन बसले असते. ते चालले असते."

घरी आलो. मी चूल पेटवली, भाकरी थापली. ताटावर बसल्यावर भाकरीकडं बघत त्यांनी विचारलं, "आता दारात कोण बसणार?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

सकाळी मी जिमला गेले तर लाल स्टुलावर पाण्याचा जार ठेवलेला होता. मी जार खाली काढला, स्टूल पुसलं आणि दाराला आडवं लावलं. बादली ठेवली. दोनदा घसा साफ केला, तर शेठांसारखंच खाकरणं निघालं. मग हाक मारली, "आत बाई आहे! थांबा!" आवाज फाटला, पण जिन्यातून खालपर्यंत गेला.

"थांबलो, ताई," येडगावचा पोरगा वजनांपासून म्हणाला.

हॉलमध्ये ट्रेडमिलवर जे चालत होते, ते चालतच राहिले. कोणाला उतरावं लागलं नाही.