माव्याला दार नसतं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, शिंपल्याला दार असतं, माव्याला नसतं. हसू नका. या एका बातमीवर भिलाभाऊंची नोकरी लटकली होती.

मी सुरतेत पेस्ट कंट्रोलचं काम करतो. खाडीकाठच्या एका कारखान्यात मशिनं थंड ठेवायला पाइपातून समुद्राचं पाणी येतं. पाइपात हिरवे शिंपले चिकटले आणि पाणी निम्म्यावर आलं. मॅनेजरसाहेबांना आठवलं, गेटजवळच्या कण्हेरीवरचा पिवळा मावा मी एका फवाऱ्यात संपवला होता. मावा म्हणजे कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस पिणारा टाचणीच्या डोक्याएवढा किडा. साहेबांनी मला न विचारता तोच एका दमात संपवायचा उपाय इथे लावला. आठवड्याचं क्लोरिन एका तासात ओतायला सांगितलं. ओतणारे कारखान्यातले कामगार, नवागामचे भिलाभाऊ. पाणी तसूभर वाढलं नाही.

साहेब भिलाभाऊंवर डाफरले, "सो गया होगा! सोमवार से मत आना."

भिलाभाऊंनी मला गाठलं. "मी क्लोरिन आख्खं टाकं ना भो!"

मग मी साहेबांच्या केबिनमध्ये माझं नाटक लावलं. बशीत मावा लागलेली कण्हेरीची फांदी. बादलीत खारं पाणी आणि पाइपातले मूठभर शिंपले, तोंडं किलकिली करून बसलेले. माव्यावर साबणाचं पाणी शिंपडलं. अंग मऊ, लपायला जागा नाही. चहा संपेपर्यंत मावा संपला. बादलीत क्लोरिन टाकलं. टक्, टक्, टक्! सगळे मिटले.

"मर गए?"

"थांबा."

तासाभराने त्यांना स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवलं. एकेक शिंपला हळूच उघडला. साहेबांचा चष्मा नाकावर घसरला.

"दोघंही एका जागी चिकटून खातात, म्हणून तुम्हाला सारखे वाटले," मी म्हणालो. "पण मावा फांदीतून रस ओढतो. शिंपला पाणी गाळून खातो. पाणी बिघडलं की दार लावतो, दिवसच्या दिवस उघडत नाही. क्लोरिन थोडं सोडा, पण सतत. उपाशी किती बसेल?"

"मतलब, भिला ने डाला था?"

"पूरा डाला था."

पुढे पाइप खरवडला, क्लोरिन थेंबाथेंबाने सुरू झालं, पाणी पूर्वीसारखं आलं. औषध ठरवण्याआधी समोर कोण आहे ते पाहावं, एवढाच धडा.

पण त्या दिवशी भिलाभाऊ केबिनचं दार अर्धं उघडून, जीव मुठीत धरून सगळं ऐकत उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, घसा खाकरला. माफीचा शब्द काही ओठांवर येईना. शेवटी ओरडले,

"अरे, अंदर आ जा, भिला! और दरवाजा बंद कर, एसी चालू है!"