शेठच्या खोलीतला वास

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं गाळायला देशभर गेलेली आहेत. मी नववीत शाळा सोडली आणि त्याच वर्षी शेठबरोबर चेन्नईला आलो. शेठ आमच्या शेजारच्या गावचे. सौकारपेठेत त्यांचं गलाईचं दुकान आहे. सराफ जुनं, भेसळीचं सोनं आणून देतात, ते आम्ही भट्टीत वितळवायचं आणि ॲसिडनं शुद्ध करून परत द्यायचं. मला तमीळ येत नव्हतं, ॲसिडची भीती वाटायची आणि पहिल्याच महिन्यात मी सोनं वितळवायच्या तीन मुशी फोडल्या. दुसऱ्या कुणी मला गावाकडच्या गाडीत बसवून दिलं असतं. शेठनं हातात चौथी मूस दिली आणि म्हणाले, पकडायची कशी ते बघ आता. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर मान वर करून कधी बोललो नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी काही मागितलं नव्हतं. दुकानाच्या माळ्यावर आम्ही चौघं झोपायचो, बायको गावाकडं राहील असंच धरून चाललो होतो. शेठनं एक किल्ली माझ्या मुठीत कोंबली. वॉशरमनपेटमधली भाड्याची खोली, पहिला मजला. पूर्वी ते स्वतः तिथं राहायचे. मोठं घर घेतल्यावर त्यांनी ती सोडली नाही, आत जुन्या भट्ट्या आणि रिकाम्या बाटल्या ठेवल्या होत्या. खोली, स्वयंपाकाचा ओटा, एक अरुंद गॅलरी आणि स्वतंत्र बाथरूम. मी आईला फोन करून सांगितलं, आणि सांगताना रडलो.

वास पहिल्याच सकाळी आला.

आधी वाटलं बंद खोली आहे, जाईल. नासलेल्या अंड्यासारखा, त्यात काहीतरी आंबलेलं, आणि तळाला ओल्या कुत्र्याच्या अंगाचा. दार लावून अंघोळीला बसलं की तो आधी नाकात, मग घशात उतरायचा. पाणीही लवकर जात नसे. साबणाचं राखाडी पाणी घोट्यापर्यंत साचायचं, त्यावर केस तरंगायचे, आणि त्याच पाण्यात उभं राहून अंगावर चांगलं पाणी घ्यायचं. टॉवेलला वास, बादलीला वास. चहाचा घोट घेतला तरी कपाच्या कडेला तोच वास आहे असं वाटायचं.

मी बायकोला म्हणालो, चेन्नई आहे ही. समुद्र जवळ, एन्नोरकडच्या कारखान्यांचा धूर येतो, गटारं उघडी. इथं असाच वास असतो.

ते खोटं होतं. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या, सत्तरीच्या. सगळे त्यांना पाटी म्हणायचे, म्हणजे आजी. त्यांच्या घरात कापूर आणि फोडणीतला कढीपत्ता याशिवाय कसलाच वास नसे. मला ते माहीत होतं. पण खोलीत वास आहे असं कुणाला म्हणायचं? पाटीला म्हणावं तर ती शेठना फोन करणार. शेठना वाटणार, फुकट छप्पर दिलं आणि हा नाक मुरडतोय. म्हणून मी गुपचूप उपाय करत राहिलो. फिनेल ओतलं. डांबरगोळ्या टाकल्या. उकळतं पाणी, सोडा, लिंबू. खोलीच्या माळ्यावर मेलेला उंदीर शोधला, कोळ्यांची जाळी तोंडावर घेतली, उंदीर नव्हता. दुकानातलं ॲसिड मात्र आणलं नाही, ते शेठचं. फिनेलनं दोन तास बरं वाटायचं, मग फिनेल आणि घाण असा तिसराच एक वास तयार व्हायचा, तो जास्त वाईट. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती मोरीच्या जाळीवर ठेवायची, अशी युक्ती कुणीतरी सांगितली. ती चालली. पण अंघोळीला पिशवी उचलावी लागायची, आणि उचलली की दिवसभर दाबलेला वास एकदम तोंडावर यायचा.

बायको सुरुवातीला हसायची. ॲसिडनं तुमचं नाक मेलंय, म्हणायची. पाटी जिन्यात गाठून मला सेट्टू म्हणून हाक मारायची. उत्तरेकडून आलेल्या सगळ्यांनाच इथं सेट्टू म्हणतात, मग तो दुकानाचा मालक असो की भट्टी फुंकणारा. ती तमीळमध्ये म्हणायची, "सेट्टू, सोनं धुतोस म्हणे, आणि मोरी धुता येत नाही होय रे?" तिला वाटायचं बायको मोरीत कणकेचं पाणी ओतते. बायकोला वाटायचं पाटीच्या टाकीतच काहीतरी मेलंय. मी मध्ये उभा राहून दोघींना मान डोलवायचो.

वर्ष असं गेलं. मग बायकोला दिवस गेले आणि हसणं थांबलं.

तिसरा महिना लागला तेव्हा तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिले महिने असं होतंच. पण हिला बाथरूमचं दार उघडलं की उलटी व्हायची. उलटीचं पाणी मोरीतून जायचं नाही, जाळीवर साचून राहायचं, ते बघून दुसरी व्हायची. मी हातानं ते सारून काढायचो. तो बुळबुळीतपणा बोटांना लागून राहायचा. ती नाकाला पदर दाबून एका बादलीत अंघोळ उरकायची, दात गॅलरीत घासायची. गालाची हाडं वर आली. एकदा सासूबाईंनी व्हिडिओ कॉल केला, लेकीचं तोंड बघितलं आणि मला फोनवर घेतलं. रविवारी तिचा भाऊ येतोय, म्हणाल्या, तिला इकडं आणू दे, बाळंतपण होईस्तोवर राहील.

आमच्याकडं हे नवीन नाही. गलाईवाल्यांच्या कितीतरी बायका बाळंतपणाला जातात त्या तिकडंच राहतात. शाळा, शेती, सासू-सासरे, काही ना काही निघतं. बाप दिवाळीला आणि जत्रेला येतो, पोरगं त्याला फोनवरून ओळखतं. माझ्या बरोबरीच्या तिघांचं तसं झालेलं मी बघितलं होतं. एका वर्षात मला संध्याकाळी घरी जायची सवय लागली होती. घरी कुणीतरी आहे, ही सवय. आता ती मोडणार, आणि मोरीपायी मोडणार. तरीही मी शेठना काही बोललो नाही. सासूबाईंना हो म्हणालो.

शनिवारी सकाळी दुकानाला निघालो तर दारात प्लंबर उभा, मागे पाटी. बायकोनंच मोडक्यातोडक्या तमीळमध्ये पाटीला गाठून त्याला बोलावलं होतं. मला म्हणाली, "म्या उद्या गेली तरी ही मोरी उघडल्याबिगर जानार न्हाई." मी शेठना फोन करून पोट दुखतंय म्हणालो.

प्लंबरनं जाळी हलवून बघितली. हलेना. पाटीला आठवलं की खोली बंद होती तेव्हा गळतीच्या दुरुस्तीला गवंडी आला होता, त्यानं सिमेंट सांडलं असणार. छिन्नीनं कडा फोडून जाळी निघाली, आणि आम्ही तिघंही मागं सरलो. इतके दिवस जो येत होता तो वास नव्हताच, त्याची नुसती वाफ होती. प्लंबर स्वतःशीच शिवी घालत तोंडाला पंचा बांधून खाली वाकला. मग मला जवळ बोलावून दाखवलं. जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात एक वाटी उपडी बसवलेली असते. तिच्या कडा साठलेल्या पाण्यात बुडालेल्या असतात, म्हणून खालच्या गटाराची हवा वर येत नाही. इथं वाटीच नव्हती. तिच्या जागी काहीतरी काळं कोंबलं होतं.

त्यानं तारेचा आकडा घालून ते ओढलं. आलं ते नवजात जनावरासारखं, लिबलिबीत, लांबट. त्यातून काळं पाणी ठिबकत होतं. केसांच्या जटा, साबणाचा पिवळा थर, त्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या. बायको गॅलरीकडं पळाली. प्लंबरनं ते फरशीवर टाकलं आणि पायानं उलटवलं, तेव्हा मला तांब्याची तार दिसली. दोन वेढे आणि शेवटी आत वळवलेलं टोक.

ती गाठ मी ओळखली. ती मलाही शेठनंच शिकवली होती.

गलाईच्या धंद्यात काही टाकत नाहीत. दुकानातला केर, हात धुतलेलं पाणी, जुने कपडे, पायपुसणं, सगळं राखून ठेवायचं. सोन्याची धूळ डोळ्याला दिसत नाही, पण ती केसांत बसते, नखांत बसते, अंगाबरोबर घरी येते. म्हणून आम्ही दुकानातच टपात हातपाय धुतो, ते पाणी निवळू देतो आणि खालचा गाळ भट्टीत जातो. शेठ या खोलीत राहायचे तेव्हा दुकानात टप नव्हता. ते घरी येऊन अंघोळ करायचे. ती धूळ गटारात जाऊ नये म्हणून त्यांनी वाटी काढली होती आणि गोणपाटाची गुंडाळी नायलॉनच्या कापडात बांधून बसवली होती. ती अधूनमधून काढायची, जाळायची आणि राख गाळायची. शेवटची काढायची राहून गेली, एवढंच. मी त्यावर वर्षभर अंघोळ केली, बायकोनं केली, आणि वरून मी फिनेल ओतत राहिलो.

प्लंबर म्हणाला, पिशवी द्या, कचऱ्यात टाकतो.

मी नको म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. पाटीनं कपाळावर हात मारला आणि जिना उतरून गेली. मी एक जुनी बादली आणली आणि ते बोटांच्या चिमटीत धरून आत ठेवलं. अळ्या मनगटावर चढल्या. मला सांगताही येत नव्हतं की हे शेठचं आहे. मी टाकलं आणि उद्या शेठनं विचारलं, मोरीतली गुंडाळी कुठं आहे, तर? मीच जाळून घेतली असं त्यांच्या मनात आलं, तर? आमच्यात एकदा चोर म्हटलं की आख्ख्या तालुक्यात कुणी भट्टीला उभं करत नाही.

प्लंबरनं कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी वाटी आणली, ट्रॅप खरवडला, वाटी बसवली, वर पाणी ओतलं. पाणी गरकन फिरून गेलं. पाच मिनिटांत बाथरूमचा वास कमी झाला. पण बादली गॅलरीत होती आणि आता सगळं घर घाण मारत होतं. मी ठरवलं होतं की सोमवारी दुकानात नेईन, शेठचा मूड बघून सांगेन.

बायको ओल्या तोंडानं आत आली. तिनं बादली बघितली, मग मला बघितलं. ओरडली नाही. खाली बसून तिनं बॅग ओढली आणि साड्या भरायला लागली. मी हळूच म्हणालो की आत सोनं आहे, शेठचं आहे.

"असू दे," ती म्हणाली. "मी एक रात बी त्येच्याजवळ बसनार न्हाई. त्यो वास तुमी शेठसाठी ठेवा आन माजं आजचंच तिकीट काडा."

मी बादलीतलं दोन पिशव्यांत घातलं, वर तिसरी बांधली आणि बस पकडली. बस भरलेली होती, तरी दोन थांब्यांत माझ्याभोवती जागा झाली. एक बाई दोन बोटांनी नाक धरून माझ्याकडं बघत राहिली, उतरेपर्यंत. पिशवीतून एक थेंब माझ्या चपलेवर पडला. मी खिडकीबाहेर बघितलं आणि शेठसमोर बोलायचं वाक्य पाठ करत राहिलो. दुकानात पोहोचलो तेव्हा त्यातला एकही शब्द आठवेना.

मी पिशवी भट्टीपाशी ठेवून उघडली. बाकीचे लांब झाले. शेठ मात्र जवळ आले, वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा आधी उजळला. हे अजून हाय व्हय, म्हणाले. मग त्यांनी पाण्याचा तांब्या घेऊन त्यावर ओतला. काळं पाणी वाहून गेलं आणि नायलॉनचं कापड दिसलं, हिरवं, पिवळ्या फुलांचं. साडीचा तुकडा होता.

शेठ त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"कवापासून येत हुता वास?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, राहायला गेल्यापासून.

"आन बोलला न्हाईस."

मी चपलेवरचा काळा थेंब दुसऱ्या पायानं पुसत राहिलो.

"तुजी काकी बोलत हुती," ते म्हणाले. काकी म्हणजे त्यांची बायको. "रोज बोलायची, त्या खोलीत घाण येती म्हनून. म्या म्हनायचो, मद्रास हाय हे, असंच असतंय. थोरल्याच्या येळंला गावाला गेली, ती परत आलीच न्हाई राह्यला. मला वाटलं तिला गाव सोडवंना."

थोरला आता कॉलेजात आहे. शेठनं पुढे चेन्नईत मोठं घर घेतलं, त्यातही काकी सणापुरत्या येतात. हे सगळं मला माहीत होतं, फक्त त्याचं कारण असं काही असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. बहुतेक त्यांच्याही आलं नसावं. त्यांनी एका बोटानं ते हिरवं कापड सरकवलं, बोट हुंगलं, आणि तोंड फिरवून थुंकले.

"घरी जा," म्हणाले. "पोट दुकतंय म्हनला हुतास ना. जा."

गुंडाळी त्यांनी जाळली का, राखेत काही निघालं का, मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

घरी आलो तेव्हा गॅलरी पाण्यानं धुतलेली होती. बॅग दाराशी होती, भरलेली. मी तिला शेठचं आणि काकींचं सगळं सांगितलं. आणि पहिल्यांदाच हेही सांगितलं, की वास चेन्नईचा नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं ऐकून घेतलं. उठून बाथरूममध्ये गेली आणि दार लावलं. मी बाहेर उलटीचा आवाज यायची वाट बघत बसलो. बादल्या भरत होत्या, रिकाम्या होत होत्या. तिनं केस धुतले, बराच वेळ लावला.

रविवारी सकाळी तिचा भाऊ आला, रात्रभर गाडीत बसून चुरगळलेला. तिनं त्याला आधी अंघोळीला पाठवलं. तो बाहेर आला आणि विचारायला लागला, कसला वास म्हनत हुतीस, मला तर साबणाचाच येतोय. तिनं त्याला ताट वाढलं, स्वतःलाही वाढून घेतलं. दीड भाकरी खाल्ली. मग त्याला म्हणाली, "दादा, सातव्या म्हैन्यात ये. आत्ता न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली आणि जेवत राहिलो. मी नुसता भात, चमच्यानं खात होतो. आदल्या दिवसापासून हात किती वेळा धुतले होते ते मोजलं नव्हतं, तरी घास तोंडाशी नेला की बोटांचा तो वास आधी यायचा. तिला तो येत नव्हता.