पडद्याआडची साक्ष

आफ्रिकेला निघालेल्या बायकांच्या गोष्टी माझ्याजवळ इतक्या साठल्यात, की एक सांगायला बसले की दुसरी आपोआप पुढं येते.

मी तेव्हा म्हसळ्याकडं मुलींच्या शाळेत शिकवत होते. तिकडचे पुष्कळ मुसलमान पुरुष केप टाउनला दुकानांतून काम करत. बायकोला न्यायचं, तर ती खरोखर लग्नाची आहे असं सर्टिफिकेट कचेरीतून लागे. मामलेदार रावसाहेब एका यादीतले तेच प्रश्न दोघांनाही विचारत. बायका पडद्याआड बसत, म्हणून मला बोलावणं यायचं. त्यांनी हळू दिलेलं उत्तर मी मोठ्यानं सांगायचं आणि कागदावर त्यांचा अंगठा घ्यायचा. एक उत्तर चुकलं की बोट हुकली!

जैनबचा नवरा लग्नानंतर महिन्याभरात गेला, तो सात वर्षांनी आला. रावसाहेबांनी तीन पुरुष ओळीनं उभे केले आणि विचारलं, यातला नवरा कोणता? जैनबनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. तिला ओळखताच येईना.

शेवटी माझ्या कानाशी आली. "बाई, मान वर करून तोंड कधी बघितलंच न्हाय. त्यांना बूट काढायला सांगा."

बूट निघाले.

"मधले. डाव्या पायाची करंगळी वाकडी हाय."

खदीजाचं उलट. नवराबायकोनं आठवडाभर उत्तरं घोकलेली. शब्दाला शब्द जुळत गेला, तसा रावसाहेबांना संशय आला. त्यांनी टाक खाली ठेवला आणि यादीत नसलेलं विचारलं. काल काय जेवलात?

नवरा म्हणाला, सरंगा, म्हणजे पापलेट. खदीजा म्हणाली, हलवा, म्हणजे त्याहून स्वस्तातला काळा मासा. मी तसंच मोठ्यानं सांगितलं. नवरा तरी सरंगाच म्हणत राहिला. मग खदीजा पडदा विसरून मोठ्यानं बोलली, "हलवा आणतात नि सरंगा म्हणून सांगतात. दर टायमाला ह्येच!"

रावसाहेबांनी सही केली.

हमीदाची गोष्ट मात्र निराळी. ती आणि तिची थोरली बहीण मरियम, दोघी माझ्या विद्यार्थिनी. मरियमचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि आफ्रिकेहून परवान्याचा कागद तिच्या नावानं आला. तो पोचायच्या आत ती तापानं गेली. पुढं तिच्या नवऱ्यानं हमीदाशी निकाह लावला. नवा कागद यायला वर्ष लागलं असतं, आणि नवऱ्याची परतायची मुदत महिन्यात संपत होती. म्हणून हमीदा मरियम होऊन पडद्याआड बसली होती. मला बघताच तिनं मान खाली घातली.

रावसाहेबांनी नाव विचारलं. ती म्हणाली, मरियम. मी मोठ्यानं म्हटलं, मरियम. लग्न, गाव, सासऱ्याचं नाव, सगळं नीट झालं. अंगठा उठवायचा तेवढा राहिला होता. इतक्यात मरियमची अडीच वर्षांची पोर हमीदाच्या मांडीवर चढली आणि तिच्या हनुवटीला धरून म्हणाली, "खाला, घरी चल."

खाला म्हणजे मावशी. हमीदाचा अंगठा शाईत तसाच राहिला.

पलीकडून रावसाहेबांनी विचारलं, "बाई, मूल काय म्हणालं?"

मी म्हटलं, "पाणी मागतेय."

शिपायानं पेला आत दिला. हमीदानं तो पोरीच्या तोंडाला लावला. पोरीनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि घोट घोट करत सगळं पाणी संपवलं.