घरात कुणाला काही नाही

बाबांनी बांगड्याच्या तिखल्याला नावं ठेवली, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. पण आमच्या दिंडोशीच्या घरात जेवणाला नावं ठेवली की आधी भांडण होतं, विचार नंतर. "ह्यात तिरफळा घातलंस की नाय?" त्यांनी विचारलं. आईने रश्शातली घमघमणारी तिरफळं वेचून त्यांच्या ताटाच्या कडेला मांडली आणि अबोला धरला. बाबांना चवही लागत नाही आणि वासही येत नाही, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मग ताप आला, तो पंख्यामुळे. खोकलाही पंख्यामुळेच. शेवटी बाथरूमपर्यंत जाऊन येताना त्यांना धाप लागली, ऑक्सिमीटरवरचा आकडा नव्वदच्या खाली दिसला आणि माझी सटकली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते. बेड कुठेच मिळेना. मिळाला तो ज्या मुलाशी माझं लग्न ठरत होतं, त्याच्या मावशीमुळे. ती अंधेरीच्या एका हॉस्पिटलात सिस्टर होती. आणि इथेच सगळी वाट लागली.

कारण मुलीचं लग्न ठरेपर्यंत घरातले आजार घराबाहेर काढायचे नाहीत, असा आमच्याकडे दंडकच आहे. बाबांना कित्येक वर्षांचा डायबेटिस, जोडीला बीपी. पण मुलाकडचे पाहुणे मला बघायला आले त्या दिवशी गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात गेली आणि या गृहस्थांनी सगळ्यांसमोर जिलब्या हाणल्या. वर आणखी मागितल्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारत होते, ते माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते.

हॉस्पिटलात नेल्या नेल्या पीपीई किटमधल्या डॉक्टरने विचारलं, "डायबेटिस, बीपी, दमा, हार्टचं काही?" त्या मुलाची मावशी बाजूलाच सलाइन लावत होती. बाबांनी ऑक्सिजनच्या मास्कसकट नकारार्थी मान हलवली. आई म्हणाली, "आमच्या घरात कुणाला काही नाही हो."

माणसाला धड श्वास घेता येत नाही आणि हे स्थळ सांभाळतायत! डॉक्टरने बोट टोचून साखर बघितली. ती भलतीच वाढलेली होती. "स्टिरॉइड द्यावं लागेल, त्याने अजून चढेल. आधीपासून आहे का, कुठली औषधं घेतात, नीट सांगा," तो म्हणाला.

"आज चहा जरा गोड झाला होता," आई म्हणाली.

"आई, तू गप्प बस!" मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या पेशंटनेही डोळे उघडले. "डायबेटिस आहे यांना, कित्येक वर्षांचा. बीपीपण आहे." मी गोळ्यांची नावं घडाघडा सांगून टाकली. बाबांनी मास्क ओढून बाजूला केला. "हळू बोल गो. लगीन मोडशील."

"मोडू दे! नवरा दुसरा मिळेल. बाप कुठून आणू?"

मावशीने सगळं ऐकलं. तिने मास्क बाबांच्या नाकावर परत नीट बसवला आणि एवढंच विचारलं, "शेवटची गोळी कधी घेतली?"

आईने मान खाली घातली. "आठवडा झाला. जेवणाला चव नाही म्हणून जेवतच नव्हते, मग गोळी कशाला, म्हणाले."

इन्शुलिन सुरू झालं. आम्हाला घरी पाठवलं. त्या मुलाच्या घरून एकही फोन आला नाही, आणि आई ते मला दिवसातून दहादा ऐकवत होती. मला त्या फोनशी घेणंदेणं नव्हतं. मी हॉस्पिटलच्या फोनला घाबरून होते.

असाच एकदा फोन वाजला, तर तो मावशीचा व्हिडिओ कॉल. बाबांचे गाल बसलेले, दाढी वाढलेली. श्वास कसा आहे, हे मी विचारायच्या आत त्यांनी मोबाईल धरून उभ्या असलेल्या मावशीकडे एकदा बघितलं. मग तिच्यासमोरच, तिला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "साखर उतरली गो माझी आज."